मेंढीकोट येतो ना? मग ब्रिज अर्धा आलाच! बोली आणि खेळ कसा सुधारायचा, वाचा सविस्तर

धाराशिव : सोयाबीनची रास उरकली, हरभरा-ज्वारीची पेरणी झाली की गावोगावच्या पारावर, देवळाच्या ओट्यावर नाहीतर लिंबाच्या सावलीत पत्त्याचा डाव बसतो. खेळणारे चार आणि मागे उभं राहून पान सुचवणारे आठ. मेंढीकोट, लाडीस, पाच-तीन-दोन, रमी, काहीही चालतं. पण घरी मात्र "पत्ते खेळायला गेलेत" म्हटलं की कपाळाला आठी पडते. पत्ते म्हणजे तीन पत्ती, तीन पत्ती म्हणजे पैसा आणि पैसा म्हणजे एक दिवस पोलिसांचा छापा, असं समीकरणच होऊन बसलंय. ते अगदीच चुकीचं आहे असंही नाही. पत्त्यापायी घर बसलेली माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत.

पण त्याच बावन्न पानांत, त्याच चार माणसांत एक खेळ असा आहे की तो खेळून भारताने आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणलंय. तो खेळ म्हणजे ब्रिज. पैसे न लावता चार तास रंगणारा, आणि डोक्याला खरोखर घाम फोडणारा. विशेष म्हणजे ज्याला मेंढीकोट चांगला येतो, त्याला ब्रिजचा निम्मा भाग आधीच येतो. उरलेला निम्मा भाग, म्हणजे बोली आणि पानांचा हिशोब, कसा शिकायचा ते समजून घेऊ.

शेतकऱ्यांच्या गावातला ब्रिज

ब्रिज हा साहेब लोकांचा, जिमखान्यातला खेळ, असा समज आहे. पुण्या-मुंबईत तो जिमखान्यांतच वाढला हे खरं. पण मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात रायबिडपुरा नावाचं गाव आहे. निमाड भागातलं, शेती करणारं गाव. १९६०च्या दशकात तिथे नेमणुकीवर आलेल्या एका पशुवैद्यकीय डॉक्टरांनी गावातल्या काही जणांना ब्रिज शिकवला. डॉक्टर गेले, पण खेळ राहिला. बापाकडून पोराकडे गेला. आज ते गाव ब्रिजचं गाव म्हणून ओळखलं जातं. शेतातली कामं आटोपून माणसं डावाला बसतात आणि तिथले खेळाडू राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत जाऊन आलेत. बोलीतले इंग्रजी शब्द त्यांनी आपल्या जिभेला जमतील तसे वळवून घेतले, भाषा आडवी आली नाही.

आज जो ब्रिज जगभर खेळतात, त्याची गुणपद्धत अमेरिकेच्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली जहाजाच्या प्रवासात बसवली. पुढे हा खेळ सगळीकडे पसरला. चीनचे नेते डेंग झियाओपिंग याचे शौकीन होते. बिल गेट्स आणि वॉरन बफे आजही खेळतात. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आला आणि प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार या बंगालच्या जोडीने सुवर्ण जिंकलं. त्या वेळी बर्धन ६० वर्षांचे आणि सरकार ५६ वर्षांचे होते. त्याच स्पर्धेत मिश्र संघाला कांस्य मिळालं, त्या संघात मुंबईच्या हेमा देवरा होत्या, त्यांनीही साठी ओलांडलेली होती. पुढे चीनमधल्या हांगझोऊच्या स्पर्धेत २०२३ मध्ये पुरुष संघाने रौप्य आणलं. थोडक्यात, हा खेळ वयाने अडत नाही आणि बाईमाणूस-पुरुष असा भेदही करत नाही.

मेंढीकोट आणि ब्रिज : सारखं काय, वेगळं काय?

सारखं बरंच आहे. चौघे, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकाला १३ पानं. ज्या रंगाची उतारी तोच रंग द्यायचा, नसेल तर हुकूम मारायचा किंवा दुसरं पान टाकायचं. मोठं पान हात ओढतं. एकूण हात तेराच.

फरक तीन आहेत.

पहिला, मेंढीकोटात चार दश्शांना, म्हणजे मेंढ्यांना भाव असतो. ब्रिजमध्ये दश्शीला तसा वेगळा भाव नाही. मोजायचे ते फक्त हात.

दुसरा, मेंढीकोटात हुकूम झाकून ठेवतात किंवा पहिल्यांदा रंग तुटला की तिथे ठरतो. ब्रिजमध्ये हुकूम बोलीने ठरतो. कोणता रंग हुकूम करायचा आणि किती हात करणार, हे आधी तोंडाने सांगावं लागतं. सांगितलं तेवढं केलं नाही तर दंड.

तिसरा, ज्या जोडीची बोली टिकते, त्यातला एक जण डाव खेळतो आणि त्याच्या भिडूची सगळी पानं पहिल्या उतारीनंतर टेबलावर उघडी मांडतात. त्याला डमी म्हणतात. उघड्या पानांमुळे सगळ्यांना २६ पानं दिसतात, आणि इथेच नशीब मागे पडून हिशोब पुढे येतो.

बोली म्हणजे लिलाव, पण बोलका लिलाव

मोंढ्यात सोयाबीनच्या ढिगावर बोली लागते तेव्हा व्यापारी आपल्या मनातला भाव लपवतो. ब्रिजची बोली उलटी आहे. तिथे समोर बसलेल्या भिडूला आपल्या हातात काय आहे ते सांगायचं असतं. मात्र हातवारे करून नाही, ठरलेल्या थोड्या शब्दांत. त्यामुळे चांगला ब्रिज म्हणजे भारी पानं नव्हेत, दोन भिडूंना एकमेकांची भाषा कळणं. नवे खेळाडू सगळ्यात जास्त गुण इथेच घालवतात.

हाताची किंमत अशी मोजतात : एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. एका रंगात १० आणि पूर्ण कॅटमध्ये ४० गुण. म्हणजे सरासरी प्रत्येकाला १० येतात.

रंगांचा क्रम खालून वर असा : किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सगळ्यात वर बिनहुकमी. बोलीतल्या आकड्यात सहा मिळवायचे. "एक इस्पिक" म्हणजे इस्पिक हुकूम ठेवून सात हात. "चार इस्पिक" म्हणजे दहा हात. "तीन बिनहुकमी" म्हणजे हुकूम न ठेवता नऊ हात.

गुण असे मिळतात : बदाम आणि इस्पिकच्या बोलीत सहाच्या पुढच्या प्रत्येक हाताला ३०, किलवर-चौकटीला २०, बिनहुकमीत पहिल्या हाताला ४० आणि पुढच्यांना ३०. बोललेल्या हातांचे १०० गुण झाले की त्याला 'गेम' म्हणतात आणि साध्या डावात ३०० बक्षीस मिळतं. त्यापेक्षा कमी बोललं तर बक्षीस फक्त ५०. म्हणून सगळ्यांचं लक्ष तीन ठिकाणी असतं : तीन बिनहुकमी, चार बदाम किंवा चार इस्पिक. किलवर-चौकटीत गेमसाठी पाच, म्हणजे अकरा हात लागतात. बारा आणि तेरा हातांच्या बोलीला आणखी वेगळं बक्षीस असतं.

सुरुवातीला एवढेच नियम पुरेत :

- हातात १२-१३ किंवा जास्त गुण असतील तर बोली उघडा. नसतील तर पास. पास हीसुद्धा माहितीच आहे.
- बदाम किंवा इस्पिकची पाच पानं असतील तर त्याच रंगाने उघडा. नसतील तर किलवर-चौकटीतला लांब रंग सांगा.
- सगळे रंग साधारण सारखे आणि गुण १५ ते १७ असतील तर "एक बिनहुकमी".
- भिडूने उघडल्यावर तुमच्याकडे ६ पेक्षा कमी गुण असतील तर पास.
- भिडूने बदाम किंवा इस्पिक सांगितलं आणि तुमच्याकडे त्या रंगाची तीन पानं आहेत, तर ६ ते ९ गुणांवर "दोन", १० ते १२ वर "तीन" सांगा. त्याहून जास्त असतील तर गेमच्या खाली थांबू नका.
- दोघांचे मिळून २५ गुण झाले तर गेम बोला. ३३ झाले तर बारा हातांचा विचार करा.

भिडूचा रंग जुळला आणि आपल्याकडे एखाद्या रंगाची दोनच पानं असली, तर त्या आखूडपणाचा एक गुण वाढवून धरतात. एकच पान असेल तर आणखी जास्त, कारण तिथे हुकूम मारता येतो.

एका डावाचं उदाहरण

समजा, तुमच्या हातात ही पानं आली :

इस्पिक – एक्का, राजा, ८, ६, ३
बदाम – राजा, ७
चौकट – एक्का, ९, ४
किलवर – ७, ५, २

आणि समोर भिडूकडे ही :

इस्पिक – राणी, गुलाम, ५
बदाम – एक्का, ८, ४, ३
चौकट – राजा, १०, ६, ३
किलवर – ९, ४

तुमचे १४ गुण, इस्पिक पाच. तुम्ही "एक इस्पिक" म्हणता. भिडूकडे १० गुण, वर किलवरची दोनच पानं म्हणून एक वाढवला, झाले ११. इस्पिक तीन आहेत. तो "तीन इस्पिक" म्हणतो. याचा अर्थ : 'माझ्याकडे १० ते १२ आहेत, तुझ्याकडे उघडण्यापुरते काठावरचे असतील तर थांब, थोडे जास्त असतील तर गेम बोल.' तुमच्याकडे १४ आहेत, म्हणून "चार इस्पिक".

भित्रा भिडू मात्र 'कशाला धोका' म्हणून "दोन इस्पिक" सांगतो आणि डाव तिथेच थांबतो. हात दहाच होतात, पण गुण बघा. चार बोलून दहा केले तर ४२०. दोन बोलून तेच दहा केले तर १७०. पान एकही बदललं नाही, तरी २५० गुण गेले.

आणि बोली फसली तर? चार बोललं आणि नऊच हात झाले तर साध्या डावात ५० दंड. तीनवर थांबून नऊ केले असते तर १४० मिळाले असते. म्हणजे तोटा १९०चा, फायदा २५०चा. दोन डावांपैकी एक निभला आणि एक फसला, तरी बोलणारा ३७०वर असतो आणि थांबणारा ३१०वर. काठावरच्या हातात गेम बोलायला जाणते खेळाडू का कचरत नाहीत, त्याचं उत्तर या हिशोबात आहे. मात्र हे काठावरच्या हातांपुरतं. दोघांत २० गुण असताना चार बोलणं म्हणजे पाऊस नसताना पेरणी करण्यासारखं आहे. वर समोरच्याने "डबल" दिलं तर दंड १०० पासून सुरू होऊन वाढतच जातो.

पहिलं पान टाकायच्या आधी थांबा

आता तोच डाव खेळू. समोरच्याने बदामाची राणी उतरली. डमी उघडी झाली. मेंढीकोटाची सवय अशी की पान पडलं की लगेच पान टाकायचं. ब्रिजमध्ये सगळ्यात मोठी चूक तीच. डमी उघडली की अर्धा मिनिट हात मांडीवर ठेवा आणि मोजा.

हुकमी डावात जाणारे हात मोजतात. दहा करायचे म्हणजे तीन गेले तर चालतील. इस्पिकमध्ये काही जात नाही. बदामात नाही. चौकटीत एक जाईल. किलवरमध्ये तीन जातील. एकूण चार, म्हणजे एक जास्त. तो कुठे वाचवायचा?

डमीकडे किलवर दोनच आहेत. दोन किलवर देऊन टाकल्या की तिसरी किलवर डमीच्या हुकमाने मारता येते. हात झाले : इस्पिकचे पाच, डमीच्या हुकमाचा एक, बदामाचे दोन, चौकटीचे दोन. बरोबर दहा.

पण पारावरची दुसरी सवय इथे घात करते. 'आधी समोरच्यांचे हुकूम ओढून घ्या.' समोरच्यांकडे पाच हुकूम आहेत. ते ३-२ असे वाटले असतील तर सगळे ओढायला तीन फेऱ्या लागतात आणि डमीकडे तीनच हुकूम आहेत. तिसऱ्या फेरीला डमी रिकामी. मग तिसरी किलवर मारायला काही उरत नाही आणि चार हात जातात. म्हणून या डावात बदामाच्या राजाने पहिला हात घेऊन लगेच किलवर उतरायची. हुकूम नंतर ओढायचे.

नियम असा लक्षात ठेवावा : डमीच्या हुकमाने काही मारायचं असेल तर ते आधी, नसेल तर हुकूम आधी ओढा. आणि हे ठरवायचं पहिल्याच पानाला, सातव्या पानाला नाही.

बिनहुकमी डावात उलटं मोजतात. तिथे पक्के हात मोजायचे. नऊ हवेत आणि सात पक्के असतील तर उरलेले दोन कोणत्या लांब रंगातून काढायचे ते ठरवून तो रंग लगेच खेळायला घ्या. एक्के-राजे आधी मारून मोकळं होणाऱ्याला शेवटी हलक्या पानांवर हात मिळत नाहीत.

तेरापर्यंत मोजता आलं की खेळ सुधारतो

ब्रिजला गणित फार लागत नाही. तेरापर्यंत मोजता यायला हवं, पण ते प्रत्येक डावात, न चुकता. सुरुवातीला चारही रंग मोजायला जाऊ नका. फक्त हुकूम मोजा. आपल्या आणि डमीच्या हातात आठ, म्हणजे बाहेर पाच. एक फेरी झाली, दोघांनी रंग दिला, उरले तीन. एवढं जमलं की दुसरा एक रंग मोजायला घ्या.

बाहेरची पानं कशी वाटली असतील, याचा ठोकताळाही ठरलेला आहे. बाहेर पाच पानं असतील तर १०० पैकी ६८ वेळा ती ३-२ असतात. बाहेर चार असतील तर ३-१ सुमारे ५० वेळा आणि २-२ सुमारे ४० वेळा. सहा असतील तर ४-२ सुमारे ४८ वेळा, ३-३ फक्त ३६ वेळा. म्हणजे विषम पानं बहुधा जवळपास सारखी वाटलेली असतात, सम पानं मात्र बरोबर निम्मी निघतीलच असं धरून चालू नये.

आणखी एक युक्ती रोज लागते. तिला फिनेस म्हणतात. डमीकडे एक्का आणि राणी आहे, राजा बाहेर आहे. एक्का मारून नंतर राणी खेळली तर ती राजाखाली जाते. त्याऐवजी आपल्या हातातून हलकं पान उतरून डमीच्या दिशेने यायचं. आधी खेळणाऱ्याकडे राजा असेल आणि त्याने तो टाकला तर एक्क्याने घ्या, नाही टाकला तर राणी लावा. राजा त्याच्याकडे असण्याची शक्यता निम्मी. फुकट मिळणारी निम्मी संधी सोडायची नाही, एवढंच.

बोली त्यांची असेल तेव्हा : अडवायचं कसं?

चारपैकी दोन जण प्रत्येक डावात अडवायला बसलेले असतात. म्हणून अडवणं आलं नाही तर निम्मा खेळ आला नाही.

- सलग भारी पानं असतील (राजा-राणी-गुलाम) तर त्यातलं सगळ्यात वरचं उतरा.
- बिनहुकमी डावात आपल्या लांब रंगातलं वरून चौथं पान उतरायची जुनी रीत आहे.
- दुसरा खेळणारा शक्यतो हलकं पान टाकतो, तिसरा भारी.
- भिडूने उतरलेला रंग सबळ कारण नसेल तर परत त्याच रंगाने उतरा.

चौथ्या पानाच्या रीतीत एक गंमत दडली आहे. तिला अकराचा नियम म्हणतात. उतरलेल्या पानाचा आकडा अकरातून वजा करा. उत्तर येईल तेवढी त्याहून मोठी पानं बाकीच्या तीन हातांत असतात. समजा भिडूने बदामाची सत्ती उतरली. ११ वजा ७, उरले ४. डमीकडे राणी आणि अठ्ठी दिसते, तुमच्याकडे एक्का आणि दश्शी आहे. झाली चार. म्हणजे डाव खेळणाऱ्याकडे सत्तीहून मोठं बदाम एकही नाही. डमीतून अठ्ठी पडली तर तुम्ही दश्शीनेच हात घ्या, एक्का राणीसाठी राखून ठेवा. हा नियम माहीत नसलेला माणूस एक्का टाकतो आणि डमीची राणी मोठी होते.

खोकला, डोळा, नाक खाजवणं : हे चालत नाही

मेंढीकोटात खुणा हा अर्धा खेळ असतो. खोकलं की इस्पिक, कान धरला की बदाम. ब्रिजमध्ये याला लबाडी म्हणतात. भिडूशी बोलायचं ते फक्त बोलीने आणि टाकलेल्या पानाने. तेही गुपित नसतं. 'तुमच्या भिडूच्या या बोलीचा अर्थ काय?' असं समोरच्याने विचारलं तर खरं सांगावं लागतं. म्हणूनच मोठ्या स्पर्धांत तोंडाने बोलतही नाहीत, आवाजावरून अर्थ निघू नये म्हणून बोलीची छापील कार्डं पुढे ठेवतात. १९७५ साली बर्म्युडातल्या जागतिक स्पर्धेत इटलीच्या एका जोडीवर टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा ठपका आला. त्यानंतर टेबलाखालीही आडोसा आला.

पानाने मात्र बोलता येतं. भिडूने एक्का उतरला आणि तुम्हाला तो रंग पुढेही हवा असेल तर त्या रंगाचं जरा मोठं हलकं पान टाका, उदा. अठ्ठी. नको असेल तर दुर्री. ही खूण सगळ्यांसमोर आहे, म्हणून ती रास्त आहे.

नशीब बाजूला कसं काढायचं?

'त्याला पानंच चांगली आली' ही पारावरची कायमची तक्रार. ब्रिजवाल्यांनी त्यावर उपाय काढला. तेच डाव दोन टेबलांवर खेळवायचे आणि गुणांची तुलना करायची. याला डुप्लिकेट म्हणतात. गावात हे आठ माणसं, पत्त्याचे चार कॅट आणि सोळा पाकिटं एवढ्यात जमतं.

एक कॅट, एक डाव. वाटून झाल्यावर खेळताना पानं मध्ये टाकायची नाहीत. प्रत्येकाने आपलं पान आपल्याच पुढे ठेवायचं. हात आपल्या जोडीचा झाला तर उभं, नाहीतर आडवं. डाव संपला की प्रत्येकाची १३ पानं त्याच्या दिशेच्या पाकिटात. पहिल्या टेबलावर एक-दोन नंबरचे डाव, दुसऱ्यावर तीन-चार. नंतर अदलाबदल. एका संघाची जोडी पहिल्या टेबलावर उत्तर-दक्षिण बसली असेल तर त्याच संघाची दुसरी जोडी दुसऱ्या टेबलावर पूर्व-पश्चिम बसते. म्हणजे एका टेबलावर जी पानं तुम्हाला, तीच दुसऱ्या टेबलावर तुमच्या विरोधकाला. मग वरच्या उदाहरणातली जोडी ४२० वर आणि दुसरी १७० वर का थांबली, हे सगळ्यांसमोर येतं. पानांना दोष द्यायला जागाच उरत नाही.

डाव संपल्यावरचं भांडण हीसुद्धा नवी मंडळी तुटण्याचं मोठं कारण आहे. डाव चालू असताना भिडूला बोल लावायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करावा. चूक झाली तर वहीत डाव लिहून ठेवा आणि चहाला बसल्यावर बघा. बैलजोडीतला एक बैल दुसऱ्याला शिंग मारायला लागला की नांगर सरळ चालत नाही.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा आहे. त्याच्या कलम १३ नुसार केवळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं सांगताना ब्रिजचाच दाखला दिला होता. मात्र त्याच निकालात, खेळातून जागेचा मालक वा क्लब नफा काढत असेल तर गोष्ट वेगळी, हेही स्पष्ट केलं होतं. मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर तर केंद्राने २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली आहे.

म्हणून सरळ मार्ग एकच : पैसे लावायचेच नाहीत. ब्रिजला त्याची गरजही नाही. तीन पत्तीतून पैसा काढला तर खेळात काही उरत नाही. ब्रिजमधून पैसा काढला तरी खेळ तसाच राहतो. डाव उघड्यावर, दिवसाउजेडी, गुणांची वही समोर ठेवून खेळा. घरातल्यांनाही बसवा. चौघांच्या घरात उन्हाळ्याच्या सुट्टीत मेंढीकोट रंगतो, तिथे ब्रिज का रंगू नये?

सुरुवात कशी करावी?

- पहिले काही दिवस बोली नकोच. डमी उघडून नुसते हात करायचा सराव करा.
- नंतर गुण मोजून उघडणं आणि भिडूचं उत्तर, एवढंच घ्या. स्टेमन, ब्लॅकवूड अशा जोडबोल्या सहा महिन्यांनी.
- भिडू एकच ठेवा. दोघांनी ठरवलेले नियम एका पानावर लिहा.
- प्रत्येक डावात पहिल्या पानाआधी थांबून मोजा.
- एकट्याने सराव करायचा असेल तर मोबाईलवर ब्रिज बेस ऑनलाइन या ठिकाणी फुकट खेळता येतं.
- जमलं की दुसऱ्या गावच्या चौघांना बोलवा आणि डुप्लिकेट खेळा.

रायबिडपुऱ्याला एक डॉक्टर आले आणि गावाचे पत्ते बदलले. इथे पार आहे, पत्ते आहेत, मेंढीकोटात मुरलेले भिडूही आहेत. हरभरा घाटे धरेपर्यंत वेळही आहे. चौघांनी ठरवायचं फक्त, की यंदा डावावर पैसे नाहीत, बोली लागेल.